जुन्या मोटारीचा नवा साज आणि जुन्या नावाचे देणे

व्यापारी मंडळाच्या स्मरणिकेत मोटारगाडीवर लेख कशासाठी, असा प्रश्न सुज्ञ सभासदांच्या मनात येणे साहजिक आहे. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे आणि सारे आयुष्य गव्हा-हरभऱ्याच्या पोत्यांत गेलेले. यंत्रशास्त्रावर अधिकारवाणीने लिहावे अशी आमची योग्यता नाही, आणि तसा आमचा इरादाही नाही. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या सभासदांच्या घरांतून एक विषय वारंवार ऐकू येऊ लागला आहे. तरुण मंडळी साठ वर्षांपूर्वीच्या अमेरिकन ‘कूपे’ गाड्यांची चित्रे मोठ्या कौतुकाने पाहतात, त्याच गाड्या नव्या रूपात पुन्हा कशा निघत आहेत हे एकमेकांस सांगतात, आणि पाठोपाठ वडिलांना विचारतात की आजोबांच्या पेढीचा जुना छापही असाच नव्या साजात पुन्हा बाजारात का आणू नये? हे दोन प्रश्न वरवर निराळे दिसले तरी मुळात एकच आहेत, आणि म्हणूनच हा लेख लिहिण्याचे धाडस आम्ही केले आहे.

कूपे म्हणजे दोन दारांची, मागे उतरत्या छपराची, पुढे दोघांना ऐसपैस आणि मागे बसणाऱ्यांना अंमळ अडचणीची अशी गाडी. संसारी माणसास ती अपुरी पडते. पण नजरेस भरते. गरजेची वस्तू जुनी झाली की माणूस ती मोडीत काढतो. हौसेची वस्तू जुनी झाली की तिची आठवण काढतो. त्यामुळे पुनरुज्जीवनाचा विचार होतो तो बहुधा अशाच गाड्यांचा.

या बाबतीत आपले इंदूर अगदीच अनभिज्ञ आहे असे कोणी समजू नये. महाराजा यशवंतराव होळकर द्वितीय यांनी १९३०च्या दशकात माणिकबाग प्रासाद जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांजकडून अगदी नव्या पद्धतीने बांधवून घेतला, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. त्याच दशकात महाराजांनी अमेरिकेतील ड्युसेनबर्ग या कंपनीची गाडीही घेतली. ड्युसेनबर्ग कंपनीचा रिवाज असा, की ती मोठ्या गाड्यांचा फक्त सांगाडा व इंजिन विकत असे. वरचे अंग गिऱ्हाइकाने आपल्या पसंतीच्या कारागिराकडून चढवून घ्यावयाचे. महाराजांच्या गाडीचे अंग लंडनच्या गर्नी नटिंग या नामांकित कारखान्यात तयार झाले. दोन आसने, मागे नावेच्या टोकासारखी निमुळती होत गेलेली शेपटी, आणि आत आठ सिलिंडरांचे, सुपरचार्जर जोडलेले इंजिन. त्या इंजिनाची ताकद ३२० अश्वशक्ती असल्याचे कंपनी सांगत असे. ही गाडी जगातील जुन्या गाड्यांच्या जाणकारांत आजही ‘महाराजा ऑफ इंदूर’ यांची गाडी म्हणून ओळखली जाते.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. या गाडीचे अंग इंग्रज कारागिराचे होते आणि मालक इंदूरचे होते. तरीही तिला ड्युसेनबर्ग म्हणण्यात तिळमात्र असत्य नव्हते, कारण ज्या गोष्टीसाठी ड्युसेनबर्ग हे नाव घेतले जाई ती गोष्ट, म्हणजे तिचे इंजिन, अस्सल होती. आमच्या धंद्यात बारदान बदलले म्हणून माल बदलत नाही. गहू शरबती असेल तर तो तागाच्या पोत्यात भरा नाहीतर कापडी पिशवीत, शरबतीच राहतो. पिशवीवर शरबती छापून आत दुसराच गहू भरला, तर मात्र पिशवी कितीही सुबक असली तरी तो व्यवहार खोटा ठरतो.

ड्युसेनबर्ग कंपनी १९३७ साली बंद पडली. पुढे १९६६ साली संस्थापक बंधूंपैकी ऑगस्ट ड्युसेनबर्ग यांचे चिरंजीव फ्रिट्झ यांना पुढे करून हे नाव पुन्हा जिवंत करण्याचा प्रयत्न झाला. चित्र काढले व्हर्जिल एक्सनर या प्रसिद्ध रचनाकाराने, अंग बनविले इटलीच्या गिया कंपनीने, आणि खाली सांगाडा व इंजिन होते क्रायस्लर कंपनीच्या इंपीरियल गाडीचे. नमुन्यादाखल एक गाडी तयार झाली आणि तेवढ्यावरच सारा उद्योग आटोपला. संस्थापकांचे रक्त होते, नाव होते, चित्रकार थोर होता. पण ज्या गुणासाठी लोकांनी ते नाव लक्षात ठेवले होते, तो गुणच दुसऱ्याच्या कारखान्यातून आणलेला होता. याच एक्सनर महाशयांच्या चित्रावरून १९७०च्या सुमारास स्टुट्झ या दुसऱ्या जुन्या अमेरिकन नावाने ‘ब्लॅकहॉक’ नामक कूपे निघाली. तिच्या आत पॉन्टिॲकचे यंत्र होते. ती नटनट्या व धनिकांत काही वर्षे खपली. सुप्रसिद्ध गायक एल्व्हिस प्रेस्ली यांनीही ती घेतली. पण जुन्या स्टुट्झने शर्यतीच्या मैदानावर मिळविलेला लौकिक तिला काही मिळाला नाही.

आता या विषयातील जी हकीकत आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते, ती सांगतो. ती आहे स्टुडबेकर कंपनीच्या ‘अवांती’ या कूपेची. स्टुडबेकर बंधूंनी १८५२ साली अमेरिकेतील साउथ बेंड या गावी अवघ्या ६८ डॉलरांच्या भांडवलावर लोहारकामाचे व गाड्या बनविण्याचे दुकान थाटले. या गाड्या घोड्यांच्या होत्या. शेतकऱ्यांचे धान्य वाहणाऱ्याही होत्या. म्हणजे आमच्या धंद्याशी या घराण्याचे नाते मोटारीच्या आधीपासूनचे म्हणावयास हरकत नाही. पुढे त्यांनी मोटारी बनविल्या, आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे आपल्या देशात हिंदुस्तान मोटर्सने त्यांची जोडणीही केली.

१९६० नंतर कंपनीची स्थिती खालावली. तेव्हा तिचे अध्यक्ष शेरवुड एगबर्ट यांनी रेमंड लोवी या रचनाकाराकडून काही आठवड्यांत एका नव्या कूपेचा आराखडा करवून घेतला आणि १९६२ साली ती लोकांपुढे मांडली. पुढे जाळी नाही, अंग पत्र्याऐवजी फायबरग्लासचे, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, आणि रूप असे की साठ वर्षांनंतरही ते शिळे वाटत नाही. मागणी आली, पण माल वेळेवर निघेना. फायबरग्लासचे भाग एकमेकांशी नीट बसेनात, गाड्या कारखान्यातच अडकून राहिल्या, आणि वाट पाहून कंटाळलेली गिऱ्हाइके दुसरीकडे वळली. नमुना उत्तम आणि पुरवठा वेळेवर नाही, यामुळे बुडालेल्या पेढ्या आपल्या बाजारातही आम्ही पाहिल्या आहेत. दोन हंगामांत मिळून पाच हजारांहूनही कमी अवांती तयार झाल्या, आणि डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंडचा कारखाना बंद झाला.

येथून पुढची हकीकत आपणां व्यापाऱ्यांच्या विशेष कामाची आहे. अवांतीला पुन्हा उभे केले ते कोणा कारखानदाराने नव्हे; नेट ऑल्टमन व लिओ न्यूमन या गाड्या विकणाऱ्या दोन भागीदारांनी. त्यांचे दुकान साउथ बेंडमध्येच होते. त्यांनी अवांतीचे हक्क, साचे व जुन्या कारखान्यातील काही जागा विकत घेतली, स्टुडबेकरमधील जुन्या माणसांना कामास लावले, आणि १९६५ पासून शेव्हरोलेट कंपनीचे इंजिन बसवून गाडी पुन्हा बाजारात आणली. नवे इंजिन उंचीने अधिक असल्यामुळे गाडीचे नाक किंचित उचलावे लागले, एवढाच काय तो डोळ्याला दिसणारा फरक. आणि त्यांनी गाडीचे नाव ठेवले ‘अवांती दोन’. दोनचा आकडा लावून त्यांनी गिऱ्हाइकास उघड सांगितले की ही तीच गाडी नव्हे, तिची पुढची आवृत्ती आहे. वर्षाला शे-दोनशे गाड्या हाताने बनवावयाच्या, रंग व गाद्या गिऱ्हाइकाच्या पसंतीने लावावयाच्या, आणि आपल्या कुवतीपलीकडे शब्द द्यावयाचा नाही, या पद्धतीने त्यांनी धंदा चालविला. मोठ्या कंपनीला जी गाडी दोन वर्षे पेलली नाही ती दोन दुकानदारांनी व त्यांच्या घरच्यांनी १९८२ पर्यंत चालविली. पुढे मालक बदलत गेले, गाव बदलत गेले, खालचा सांगाडा दुसऱ्यांच्या गाड्यांचा आला, आणि २००६च्या सुमारास मेक्सिकोत ती वाट संपली.

महाराजांच्या ड्युसेनबर्गात यंत्र अस्सल होते आणि अंग परके. अवांतीत अंग अस्सल होते आणि यंत्र परके. दोन्ही व्यवहार आमच्या मते चोख होते, कारण लोकांनी नाव ज्या गुणासाठी लक्षात ठेवले तो गुण गाडीत होता आणि जे बदलले ते झाकले गेले नव्हते. पुनरुज्जीवन करणाऱ्याने प्रथम आपल्या नावाचा मूळ गुण कोणता हे ओळखले पाहिजे. तो ओळखता आला नाही तर साज कितीही चढवला तरी उपयोग नाही.

मोठ्या कंपन्यांनाही हे नेहमी साधले आहे असे नाही. फोर्ड कंपनीने १९५५ची ‘थंडरबर्ड’ ही दोन आसनी गाडी २००२च्या हंगामासाठी जुन्या रूपाची आठवण देत पुन्हा काढली. प्रारंभी फार गाजावाजा झाला, आणि २००५ साली ती बंद झाली. त्याच कंपनीची ‘मस्टँग’ १९६४ साली निघाली आणि तेव्हापासून खंड न पडता आजतागायत चालू आहे. मधल्या काळात तिचे रूप पुष्कळ पालटले, कधी बिघडलेही. २००५ साली तिला पुन्हा १९६०च्या दशकातील ठेवणीकडे नेण्यात आले आणि लोकांनी ते आनंदाने स्वीकारले. याचे कारण आम्हांस असे दिसते की मस्टँगचे दुकान कधी बंदच नव्हते. बापाने मुलाच्या हाती चालती पेढी दिली असेल, तर मुलाने दर्शनी भाग पुन्हा आजोबांच्या काळासारखा केला तरी ते शोभून दिसते. चाळीस वर्षे कुलूप असलेल्या दुकानावर तीच पाटी लावली, तर गिऱ्हाईक प्रथम आत माणूस कोण आहे ते पाहते.

अगदी अलीकडचे उदाहरण डॉज कंपनीचे आहे. या कंपनीचे नाव आपल्या समाजास परके नाही. सोलापूरच्या जैन घराण्यातील उद्योगमहर्षी वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९४७ साली मुंबईजवळ कुर्ला येथे क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने डॉज गाड्या जोडावयास प्रारंभ केला होता. त्या डॉजने २०२४ साली आपली जुनी ‘चार्जर’ ही दोन दारांची गाडी विजेवर चालणारी करून पुन्हा आणली. विजेची गाडी निःशब्द चालते. पण जुन्या चार्जरचा गडगडाट लोकांच्या कानांत बसलेला. तेव्हा कंपनीने त्या गाडीत मुद्दाम आवाज निर्माण करणारी यंत्रणा बसविली. इंजिन नाही, धूर नाही, पण गर्जना आहे. याची थट्टा करणे सोपे आहे आणि पुष्कळांनी ती केलीही. आम्ही मात्र एवढेच म्हणू की ज्या गिऱ्हाइकाला तो आवाज यंत्राचा आहे हे ठाऊक आहे त्याची फसवणूक झालेली नाही. पण कंपनीने आपल्या गाडीचा मूळ गुण आवाजात होता की वेगात, की सामान्य माणसास परवडेल अशा किमतीत होता, याचा विचार आवाजाच्या आधी करावयास हवा होता.

एथवरचा विचार वस्तूचा झाला. आता माणसांचा विचार करू. आणि आमच्या मते या विषयातील खरा प्रश्न येथेच आहे.

डिसेंबर १९६३ मध्ये साउथ बेंडचा कारखाना बंद झाला तेव्हा तेथे हजारो कामगार होते. कंपनीने त्यांना निवृत्तिवेतनाचा शब्द दिलेला होता. पण त्यासाठी राखलेला निधी पुरेसा नव्हता. पुढील वर्षी हिशेब झाला. निवृत्त झालेले व साठी गाठलेले जुने कामगार यांना पूर्ण वेतन मिळाले. चाळीस ते एकोणसाठ या वयाच्या सुमारे ४,००० कामगारांच्या हाती त्यांच्या हक्काच्या सुमारे १५ टक्केच रक्कम पडली. त्यांहून तरुण होते त्यांना काहीच मिळाले नाही. या प्रकरणाने अमेरिकेत एवढी खळबळ उडाली की अखेर १९७४ साली कामगारांच्या निवृत्तिवेतनास संरक्षण देणारा कायदा तेथे झाला. अवांतीचे रूप वाचले, साचे वाचले, नाव वाचले. ज्या हातांनी ती बनविली त्यांपैकी काही थोड्या हातांना ऑल्टमन-न्यूमन यांनी काम दिले, हे त्यांना भूषणावहच आहे. कायद्याने त्यांच्यावर कसलेच देणे नव्हते. परंतु बाकीच्या हजारो घरांचे पुनरुज्जीवन कोणी केले नाही. त्यांची चित्रे कोणी भिंतीवर लावीत नाही.

हे सात समुद्रांपलीकडचे आहे असे म्हणून आपणांस स्वस्थ बसता येणार नाही. सर सेठ हुकुमचंद हे आपल्या इंदूरचे आणि आपल्या समाजाचे ललामभूत पुरुष. त्यांनी उभारलेले काचमंदिर पाहावयास आजही दूरदूरचे लोक येतात. ते १९५९ साली निवर्तले. त्यांच्या नावाची कापडगिरणी त्यांच्या पश्चात, पुढे १९९१च्या डिसेंबरात बंद पडली. कामगारांचे देणे थकले, प्रकरण न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २०२३ मध्ये सुमारे २२४ कोटी रुपयांच्या वाटपाचा मार्ग मोकळा झाला तेव्हा ३२ वर्षे लोटली होती. ज्यांनी वाट पाहावयास प्रारंभ केला त्यांपैकी कित्येक तोवर या जगात राहिले नव्हते. रक्कम त्यांच्या वारसांच्या हाती गेली. दोष कोणाचा हे ठरविण्याचा आमचा अधिकार नाही व येथे ते प्रयोजनही नाही. परंतु एवढे निश्चित, की त्या ३२ वर्षांत ते थोर नाव ज्या ज्या वेळी वृत्तपत्रांत आले, त्या बहुतेक वेळी ते थकलेल्या देण्याच्या बातमीत आले. सेठजींनी स्वतः मिळविलेल्या लौकिकावर त्यांच्या मागे हा भार पडला.

नावाला किंमत असते हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. हिंदुस्तान मोटर्सने २०१४ साली ॲम्बॅसेडर गाडीचे उत्पादन थांबविले, आणि २०१७ साली ते नुसते नाव फ्रान्सच्या प्यूजो कंपनीस ८० कोटी रुपयांना विकले. लोखंड नव्हे, कारखाना नव्हे, केवळ चार-पाच अक्षरांचे नाव. आमच्या वडिलांच्या वेळी पेढीची पत म्हणत, ती हीच. पण पत ही वहीच्या दोन्ही बाजूंस लिहावयाची गोष्ट आहे. जो नावाचे जमा आपल्या खात्यात घेतो त्याने नावाचे नावे पडलेले देणेही निदान वाचून पाहावे, असा आमचा आग्रह आहे. कायदा तेवढे मागत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. पण बाजारात जे व्यवहार शब्दावर चालतात ते सगळेच काही कायद्याने मागितलेले नसतात.

आमच्याच बाजारात काही वर्षांपूर्वी एका जुन्या, बंद पडलेल्या पेढीचा छाप कोणी विकत घेतला. पोती नवी, छपाई देखणी, जुन्या धन्याचे चित्रही सुरेख. पहिल्या हंगामात माल हातोहात गेला. दुसऱ्या हंगामात नमुन्याशी माल जुळेना, आणि जुन्या पेढीकडे ज्या आडत्यांचे येणे राहिले होते ते मागावयास आले तेव्हा ‘आम्ही फक्त छाप घेतला आहे’ असे उत्तर त्यांस मिळाले. उत्तर कायद्याने बरोबर असेल. तिसऱ्या हंगामात तो छाप कोणी हाती धरीना. चाळीस वर्षांत कमावलेले नाव तीन वर्षांत संपले.

याच्या उलट टोकाची एक विचारसरणी आहे, तिचाही परामर्श घेतला पाहिजे. जुन्या वस्तूस हातच लावू नये, ती जशी आहे तशी ठेवावी, नवे अंग चढविणे हा तिचा अपमान आहे, असे काही रसिकांचे मत असते. आपल्या सरकारच्या २०२१च्या मोटार नियमांत या मताचा अंश आला आहे. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरबदल न केलेली गाडीच ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविता येते. तिला निराळ्या मालिकेचा क्रमांक मिळतो, आणि ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ अन्वये कोणत्याही गाडीच्या मूळ रचनेत मालकास मन मानेल तसा बदल करता येत नाही. तरुणांना हे निर्बंध जाचक वाटतात. चालणारच नसेल तर ती गाडी कसली, असे ते म्हणतात, आणि त्यात तथ्य नाही असे नव्हे. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सीचेच पाहा. वालचंदांच्या कारखान्याची ही गाडी दशकानुदशके गरीब-श्रीमंतांना घेऊन धावली, आणि ऑक्टोबर २०२३ अखेर वयोमर्यादेमुळे शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून उतरली. एखादी पद्मिनी काचेआड जपली जाईलही. पण पावसाळ्यात दादर स्टेशनाबाहेर तिने दिलेला आधार काचेआड राहणार नाही.

आमचे मत असे की या दोन विचारांत मुळात विरोध नाही. ज्या जुन्या गाड्या अस्सल स्थितीत उरल्या आहेत त्या थोड्या आहेत आणि पुन्हा निर्माण होणार नाहीत. त्यांना कापून, जोडून, नवे दिवे व रुंद चाके लावून विद्रूप करणे म्हणजे बियाण्याचे धान्य दळून खाण्यासारखे आहे. त्या जशाच्या तशा राखाव्यात. नवे रूप ज्यांना घडवावयाचे असेल त्यांनी नव्या लोखंडातून, नव्या यंत्रावर, जुन्याची प्रेरणा घेऊन खुशाल घडवावे, आणि ऑल्टमन-न्यूमन यांच्याप्रमाणे त्यावर प्रामाणिकपणे दोनचा आकडा घालावा. बियाणे कोठारात आणि नवे पीक शेतात, दोन्ही पाहिजेत.

हेच आमच्या पेढ्यांसही लागू आहे. आमच्या पिढीने मुलांच्या प्रत्येक नव्या कल्पनेस नाक मुरडावे हे योग्य नव्हे. गिऱ्हाईक आज पाच किलोची बंद पिशवी मागते; ते पोते फोडून घ्यावयास येणार नाही. पिशवीवर आजोबांचे चित्र असावे, जुन्या वळणाची अक्षरे असावीत, यात गैर काहीच नाही. परंतु ज्या सभासदांच्या घरी असा विचार चालू असेल त्यांनी छापखान्यात जाण्यापूर्वी घरात बसून तीन गोष्टींचा निर्णय करावा, अशी आमची विनंती आहे. पहिली, आपल्या छापाचा मूळ गुण कोणता होता: मालाची निवड, चोख तोल, वायद्याची तारीख, की उधारीतली सचोटी? तो गुण आज आपण देऊ शकतो काय? दुसरी, जे नवे आहे ते गिऱ्हाइकास स्पष्ट सांगण्याची आपली तयारी आहे काय? आजोबांच्या साली लिहून आजचा माल विकावयाचा असेल तर मधली वर्षे दुकान कोणी चालविले, की चालविलेच नाही, हेही लिहावे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, त्या नावाखाली कोणाचे देणे राहिले आहे काय? एखाद्या तोलाऱ्याचा पगार, एखाद्या हमालाच्या विधवेस दिलेला शब्द, एखाद्या शेतकऱ्याचा थकलेला हिशेब. मुदत टळली असेल. वहीही वाळवीने खाल्ली असेल. पण त्या माणसाच्या घरी ती आठवण शाबूत असते, आणि नवी पाटी लागली की ती जागी होते.

यास्तव आमची मंडळास अशी सूचना आहे की, आपल्या बाजारातील बंद झालेल्या जुन्या पेढ्यांची एक नोंदवही मंडळाच्या कार्यालयात ठेवावी. पेढीचे नाव, छाप, कोणत्या मालासाठी तिची ख्याती होती, आणि तिच्याकडे कोणाचे येणे राहिल्याचे कोणास माहीत असल्यास तेही, अशी माहिती जुन्या सभासदांकडून लिहून घ्यावी. जो कोणी सभासद असे नाव पुन्हा चालवू इच्छील त्याने प्रथम ती नोंद वाचावी, आणि शक्य तेवढे देणे प्रारंभीच फेडून मगच पाटी लावावी. रकमा फार मोठ्या निघणार नाहीत. जुन्या माणसांपैकी काही अद्याप हयात आहेत तोवरच हे काम व्हावयास हवे. आणखी दहा वर्षांनी विचारावयास कोणी उरणार नाही.

महाराजांची ड्युसेनबर्ग आज इंदुरात नाही, आणि अवांतीचा कारखानाही उरला नाही. गाड्यांचे काय व्हावयाचे ते त्यांचे रसिक पाहतील. आपल्या बाजारातील जुन्या नावांचे काय व्हावयाचे, हे मात्र आपल्याच हाती आहे. सुज्ञांस अधिक सांगणे न लगे.